माशाची शेपटी

किनाऱ्यावरच्या कार्निव्हलला त्या माशाशिवाय शोभा नव्हती. बाबा होड्यांची शिडं शिवायचे. उरल्यासुरल्या कापडाचा आणि वेताचा तो भलामोठा मासा त्यांनीच उभा केला होता, आणि दर वर्षी त्याच्या पोटात शिरायच्या त्यांच्या दोघी मुली. ताई पुढे, तोंडाशी. धाकटी मागे. म्हणून शेंडेफळाला गावभर नाव पडलं ‘शेपटी’.

शेपटीनं मिरवणूक कधी पाहिलीच नाही. आत घामाघूम होऊन, ताईची कंबर धरून ती नुसती डुलायची. ताई मात्र चालता चालता सांगत राहायची, “बेकरीवाला उंच बांबूंवर चढलाय गं! शिंप्याची बायको मिशा लावून नाचतेय!”

पुढे शेपटी लग्न करून दूरच्या शहरात गेली, नर्स झाली. वॉर्डातल्या आजारी पोरांना हेच सगळं रंगवून सांगताना तिचा जन्म गेला.

निवृत्त झाल्यावर यंदा ती माहेरी आली. माशात आता ताईच्या नाती होत्या. दोघी बहिणी गॅलरीत खुर्च्या टाकून बसल्या. खालून ढोल गेले, मुखवटेवाले गेले, मासा आला.

“ते बांबूंवर चालणारे कुठेत?”

“कोण गं?”

“बेकरीवाला चढायचा ना!”

ताईला असं हसू फुटलं, की चष्मा काढावा लागला. “अगं बाई, अजून ते धरून बसलीस? माशाच्या तोंडातून मला तरी काय दिसायचं? पुढच्या ढोलवाल्याची पाठ! तू आत रडकुंडीला यायचीस, म्हणून द्यायचे ठोकून.”

“मिशासुद्धा?”

“मिशासुद्धा.”

“पोरांना शपथेवर सांगितलंय मी!” शेपटीला हसावं की चिडावं कळेना. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, “म्हणजे खरं काहीच नव्हतं?”

ताईनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, “आई होती. इथंच, या कठड्याशी. काठीला लाल फडकं बांधून हलवायची. तेवढं मी मान वाकडी करून बघायचे. तुला सांगितलं असतं, तर तू भर रस्त्यात आईकडे जायचं म्हणून भोकाड पसरलं असतंस.”

मासा कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला. शेपटीनं खुर्ची जवळ ओढली.

“कशी दिसायची गं तेव्हा? नीट सांग.”

आणि ताई आठवून आठवून, सावकाश सांगू लागली.