लाल झाकण

"ताई, तुमचेच तारे राहिलेत हो." टीमचा साहेब सकाळपासून खनपटीलाच बसला होता. साहेब म्हणजे कालचं पोर. दाढीसुद्धा अजून मन लावून उगवत नव्हती.

"देते रे बाबा. पळून चाललेत का तारे?"

"पाचला बंद होतंय. सरासरी चाराच्या खाली गेली तर टीम मोडणार, एकेकाला वेगळ्या मजल्यावर टाकणार. पाच दाबा आणि मला मोकळं करा."

पडद्यावर प्रश्न होता: इथल्या वातावरणाला तुम्ही किती तारे द्याल?

ताई चाळिशीला टेकलेली. वॉशिंग मशीन बिघडलेल्यांचा राग हेडफोनवर ऐकून घ्यायचा, हे तिचं काम. इथे एसी होता, कॉफीचं मशीन होतं, लोळायला गुबगुबीत गाद्या होत्या. मग बोट का अडखळत होतं?

तिला जुनं ऑफिस आठवलं. चपलांच्या दुकानावरची खोली. पंख्याला वाऱ्यापेक्षा कुरकुरच जास्त. तारे मागितले असते तर कुणी जिवावर उदार होऊन एखादा दिला असता. पण तिथे एक लाल झाकण होतं, पाण्याच्या बाटलीचं. फोनवरचा माणूस फारच अंगावर आला, रडू फुटायला लागलं, की ते टेबलाच्या कडेला ठेवायचं. ज्याला दिसेल त्याने उठून हेडफोन आपल्या कानाला लावायचा. आपण गच्चीत जाऊन डोळे पुसायचे. कुणी काही विचारायचं नाही. बाबा गेले तेव्हा झाकण ताईच्याच टेबलावर मुक्कामाला होतं. ऑफिस बंद झालं त्या दिवशी मैत्रिणीने ते तिच्या हातात कोंबलं. "ठेव गं. सगळ्यांत रडकी तूच."

इथे आल्याआल्या तिने ते एकदा कडेला ठेवून पाहिलं होतं. शेजारच्याने कचरा समजून डब्यात टाकलं, वर म्हणाला, "ताई, टेबल स्वच्छ ठेवायचेही गुण असतात हं." तिने ते गुपचूप उचललं, धुतलं आणि खणात ठेवून दिलं.

पाच वाजत आले. ताईचं बोट शेवटच्या ताऱ्यावर गेलं, आणि समोरची नवीन मुलगी "सर, ऐकून तर घ्या" म्हणता म्हणता हुंदक्यावर आली. सगळ्यांच्या माना पडद्यांत.

ताई उठली. "दे इकडे."

"पण ताई, नियमात..."

"तोंड धुऊन ये जा."

खणातलं झाकण तिने त्या पोरीच्या टेबलाच्या कडेला ठेवलं आणि हेडफोन कानाला लावला. "बोला दादा. पहिल्यापासून सांगा, मला वेळ आहे."

दादांकडेही भरपूर वेळ होता. ते थांबले तेव्हा पडद्यावरचे तारे विझले होते.

"एकदा दाबायचं होतं फक्त," साहेब म्हणाला. त्याचा चेहरा एवढा उतरला, की ताईला त्याचीच कणव आली.

"हो रे. राहिलंच."

मुलगी झाकण हातात फिरवत होती. "हे काय आहे?"

ताईने सांगितलं. मग म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच."

सरासरी अगदी थोडक्यात हुकली. टीम मोडली, ज्याची त्याची खुर्ची वेगळ्या मजल्यावर गेली.

महिन्याभराने ताईची लिफ्ट त्या मुलीच्या मजल्यावर थांबली. काचेपलीकडे कुणा अनोळखी पोराच्या टेबलाच्या कडेला लाल झाकण होतं. खुर्ची रिकामी, आणि शेजारी उभी राहून ती मुलगी त्याच्या हेडफोनवर बोलत होती, "बोला काका, पहिल्यापासून सांगा."

लिफ्टचं दार मिटलं. ताईचा मजला अजून वर होता.