मुंबईला गेलेला माणूस

विजयमालाने ब्रशने माती बाजूला सारली आणि हाताचं हाड मोकळं झालं. कोपराच्या खाली ते वाकलेलं होतं. कधीतरी मोडून वाकडंच जुळून आलं होतं. कवटी तिने सकाळीच उघडी केली होती. कवटीच्या मागच्या बाजूला कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी सरळ चीर होती, आणि ती जुळून आलेली नव्हती.

पुण्याहून उत्खननाला आलेली विजयमालाची मंडळी तिसगावजवळच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव शोधत होती. बहात्तरच्या दुष्काळात गावाला तेवढंच काम मिळालं होतं. हा माणूस मात्र अगदी वरच्या मातीत, पालथा सापडला होता. बरगड्यांजवळ सदऱ्याची पितळी बटणं होती.

जमिनीचे मालक आप्पासाहेब छत्री धरून खड्ड्याच्या काठावर उभे होते.

"पटकीच्या साथीतलं असंल," ते म्हणाले. "तवा लई मानसं गेली."

विजयमालाने कवटीवर कापड ओढलं.

मातीची पाटी घेऊन निघालेली झुंबरबाई थांबली होती. ती त्या वाकड्या हाडाकडे बघत होती.

"माझ्या बापाचा हात असाच हुता म्हनं. बैलगाडीवरनं पडल्ता. आय सांगती."

"तुझा बाप मुंबईला गेला," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "समद्या गावाला ठावं हाय."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. पण जागची हलली नाही. "आयला बोलावू का, बाई?"

मजुरांच्या बोलण्यातून विजयमालाच्या कानावर थोडं आलं होतं. पूर्वी अशाच एका कोरड्या उन्हाळ्यात महारवाड्यातल्या काही जणांनी गावच्या विहिरीचं पाणी शेंदलं होतं. त्यानंतर ते मुंबईला गेले, असं सगळे सांगत. परत कोणीच आलं नव्हतं.

"बोलाव," ती म्हणाली.

गोजरबाई आली. वाळकी, ताठ म्हातारी; कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हात टेकत ती खड्ड्यात उतरली आणि हाडाजवळ बसली. तिचा अंगठा मनगटापासून वर सरकत गेला, वाकलेल्या जागी आला आणि तिथेच राहिला.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्ये आमचं न्हाई."

आप्पासाहेब वळले आणि घराकडे चालू लागले.

काम सुटल्यावर विजयमाला वस्तीवर गेली. झुंबरबाई पाण्याला गेली होती. गोजरबाई दारात बसून रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीतले खडे वेचत होती.

"तुम्ही ओळखलंत," विजयमाला म्हणाली.

म्हातारीचे हात थांबले नाहीत.

"मीच बांधल्ता त्यो हात. निरगुडीचा पाला लावून. वाकडा बसला." तिने सूप हलवलं. "त्याच राती कळलं हुतं मला. आरडणं ऐकलं म्या."

"मग हे कुंकू?"

"पुसलं असतं, तर मला ठावं हाय ह्ये त्यांना कळलं असतं. झुंबर पोटात हुती." तिने एक खडा अंगणात टाकला. "तुमी पुन्याला जाऊन लिवा. खरं हाय ते लिवा. पन हितं बोलू नका. पोरीला त्यांच्याच रानात कामाला जायाचं हाय."

विजयमाला तिच्यासमोर खाली बसली. काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं. सुपातले थोडे दाणे पुढे ओढून तीही निवडू लागली.

झुंबरबाई हंडा घेऊन आली. तो उतरवायच्या आधीच तिने विचारलं,

"कळलं का बाई, कुनाचं हाय त्ये?"

गोजरबाईने मान वर केली नाही.

"फार जुनं आहे," विजयमाला म्हणाली. "हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचं."

झुंबरबाईने हंडा खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं.

"मंजी मुंबईलाच हाय," ती म्हणाली. "आता लई म्हातारा झाला असंल."