सेलेस्तला कोणी चूक म्हणेना

मीरा रोडला राहायला आल्यावर मी घरच्या हॉलमध्येच इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत तेव्हा लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती, आणि पाणी टँकरने यायचं. पण इंग्रजी सगळ्यांना हवं होतं. दुपारी चटया टाकल्या की हॉल भरायचा. शनिवारी चर्चा असायची. मी विषय द्यायचा आणि बाकीच्यांनी इंग्रजीतून भांडायचं. बोलतं करायला कष्ट पडले नाहीत, गप्प करायला मात्र मला टेबलावर डस्टर आपटावा लागे.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये या गोंधळात सेलेस्त आली. मोझांबिकची मुलगी, जेमतेम एकोणीस वर्षांची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या भावेशभाईंच्या चुलतभावाचं तिकडे दुकान होतं, तिथे तिचे वडील कामाला. मुलीला मुंबईत कॉलेजला घालायचं असं त्यांनी ठरवलं. भावेशभाईंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती आमच्या आतल्या खोलीत राहिली. शाळेत तिचं सगळं पोर्तुगीजमध्ये झालेलं. इंग्रजी वाचायची, लिहायचीही बरी, पण बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. आणि जूनमध्ये कॉलेजच्या मुलाखतीत नेमकी गटचर्चा होती. ती जमली तर प्रवेश, नाही तर सामान बांधून घरी. वडिलांना पुन्हा पाठवणं झेपायचं नाही, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

आता आमच्या लोकांची गंमत बघा. एरवी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ न देणारी ही मंडळी, सेलेस्तने तोंड उघडलं की कीर्तनाला बसल्यासारखी गप्प. ती बिचारी जुळवून जुळवून म्हणे, शहरात फार गर्दी असते. लगेच गुणवंत, म्हणजे स्टेशनजवळचा औषधांचा दुकानदार, मान डोलावून "व्हेरी नाइस" म्हणे. मग टाळ्या. परक्या मुलखातली पोर, आईबापांपासून लांब, आपल्या दारी आलेली. तिला चूक कोण म्हणणार? मी तरी कुठे म्हणत होते? तिने स्वयंपाकघरात हौसेने भाजी केली, तर आमचे हे, हरिश्चंद्र, हळूच म्हणाले, "अगं, मीठ नाहीये एवढं तरी सांग तिला." मी डोळे वटारले आणि भाजी परत वाढून घेतली.

टाळ्या वाढत गेल्या तशी सेलेस्तची वाक्यं आखडत गेली. मे संपत आला तेव्हा ती चर्चेत एकच वाक्य बोलायची आणि टाळ्या पडायच्या आधीच मान खाली घालायची. मला राग यायचा. कोणाचा ते कळत नव्हतं, त्यामुळे तो ह्यांच्यावर निघायचा.

जूनमधल्या पहिल्या शनिवारी मी विषय दिला, गाव बरं की शहर. सेलेस्त म्हणाली, गाव बरं, गावात शांतता असते, माणसं सुखी असतात. गुणवंतने टाळीसाठी हात उचललेच होते, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"नो. यू राँग."

या अनसूयाबाई. जवळच्या गोडदेव गावातल्या, साठी उलटलेल्या. त्यांची भातशेती बिल्डिंगांखाली गेली होती, आणि नातवाच्या शाळेतल्या बाईंशी बोलता यावं म्हणून त्या क्लासला यायच्या. मी त्यांना नजरेने दाबायला गेले. त्या कसल्या दबतात! इंग्रजी संपलं तशा मराठीत माझ्यावर घसरल्या. "सुख न्हाय काय न्हाय. चिखलात लावणी करून कंबर मोडली हाय माझी. पोरगी कायपण बोलते नि तुम्ही टाळ्या काय वाजवता, बाई?"

मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. आता ही रडणार, असं मला वाटलं. सेलेस्त उठून उभी राहिली.

"नो," ती म्हणाली. "यू आर राँग."

आणि ती बोलत सुटली. मोडकंतोडकं, पण न थांबता. युद्धामुळे त्यांना आजीचं गाव सोडून शहरात यावं लागलं होतं. शहरात त्यांचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही, गावात मात्र तिला प्रत्येक दारातून हाक यायची. मी दोघींचं एकमेकींना सांगत होते. अनसूयाबाई म्हणाल्या, हाक मारून काय होतं, डोक्यावरून पाणी कोण आणणार? सेलेस्तने खिडकीबाहेर बोट दाखवलं. शहरात तरी कुठे आहे पाणी, टँकरच येतो ना? सगळा हॉल हसला. गुणवंतला राहवेना, तो मध्येच घुसला. सेलेस्तने त्याला हात करून थांबवलं आणि आपलं वाक्य पुरं केलं. त्या दिवशी मी डस्टर आपटला नाही.

क्लास सुटल्यावर ती माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. सावकाश, शब्द निवडत म्हणाली, "घरी बाबा मला रोज म्हणतात, तुझं चुकतंय. म्हणजे ते ऐकतायत. इथे सगळे छान म्हणतात. मला वाटलं, माझं बोलणं कोणाला कळतच नाही."

मी पुसलेला गॅस पुन्हा पुसायला घेतला.

मुलाखतीच्या दिवशी ती तणतणतच परत आली. भावेशभाई, अनसूयाबाई, सगळे आमच्याकडे येऊन बसलेले. एका मुलाचं म्हणणं तिला पटलं नव्हतं, आणि तिचं उत्तर अर्धं झालं तोच वेळ संपला, म्हणून हा राग. आणि प्रवेश? तो मिळाला, असं ती जाता जाता म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ओल्या नारळाची वडी केली, तिची आजी करायची तशी. क्लासात ताट फिरलं आणि सवयीने सगळे "व्हेरी नाइस" म्हणाले. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"साखर जास्त झालीय," मी म्हणाले. "आणि नारळ खाली लागलाय."

तिने कमरेवर हात ठेवले. साखर बरोबर आहे, तुम्हालाच गोड खायची सवय नाही, असं तिने मला सगळ्यांसमोर सुनावलं. क्लास सुटला, भांडी घासून झाली, तरी आम्ही दोघी त्या साखरेवरून भांडत होतो. मार्चपासून माझ्या घरात राहणारी ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा पाहुणी नव्हती.