झाकणाखालचे थेंब

त्या वर्षी जिरी डोंगराखालच्या गावात दिवस पोलिसांचा होता आणि काळोख डोंगरात लपलेल्या बंडखोरांचा, आणि भात दोघांनाही लागायचा. उजाडलं की पोलीस विचारायचे, वरच्यांना काय दिलंत. अंधारलं की वरचे विचारायचे, पोलिसांना काय सांगितलंत. ओकबुन दोघांसमोर सारखीच मान खाली घालायची. सुरुवातीला भीती वाटे. मग रोज पाय पडून उंबरा झिजावा तशी ती भीतीही झिजली.

तिच्या नवऱ्याला, मानसोपला, कापणीच्या दिवसांत सैन्याने ओझी वाहायला नेलं. त्या दिवसापासून गावातल्या साऱ्या आया करत तेच तिच्या सासूनेही सुरू केलं. भात उतरला की पहिला भात त्याच्या पितळी वाडग्यात काढायचा, वर झाकण घालायचं आणि वाडगा चुलीकडच्या उबदार जमिनीवर गोधडीखाली ठेवायचा. घरचं माणूस परमुलखात असलं तर त्याचा घास असा राखून ठेवायचा, म्हणजे तिकडे ते उपाशी राहत नाही. थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरलेले असले तर माणूस जिवंत आहे. गरम भाताच्या झाकणाला थेंब येणारच, हे प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि तरी झाकण उचलताना प्रत्येकीचा श्वास अडकायचा.

थंडीच्या शेवटी, नदीवरचा बर्फ करकरू लागला त्या सुमारास, एका सकाळी झाकण कोरडं निघालं. भात गरम होता, वाफ निघत होती, आणि झाकण आतून पुसून ठेवल्यासारखं लख्ख. सासूने त्याकडे बराच वेळ बघितलं आणि ते परत जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने अंथरूण धरलं, पाणीसुद्धा घेईना.

म्हणून एका सकाळी ओकबुनने बोटं पाण्यात बुडवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब शिंपडले.

"आई, बघा तरी."

सासूने मान वळवून बघितलं. "हं," म्हणाली, आणि उठून सातूची पेज प्यायली.

तेव्हापासून ते रोजचंच काम झालं, चुलीतली राख काढण्यासारखं. ओकबुनला त्यात खोटेपणा वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरंही काही वाटलं नाही.

जर्दाळूची झाडं फुलली तेव्हा मानसोप परत आला. अंगणात उभा राहिला आणि डाव्या पायाने उजव्या पायातला गवती जोडा ढकलून काढला. ही त्याचीच खोड. हनुवटीवरचा व्रणही त्याचाच. ओकबुनच्या हातातलं सूप तसंच हातात राहिलं.

"अहो, इतके दिवस कुठे होतात?"

"चालत होतो."

"कुठून कुठे?"

"चालतच होतो," तो म्हणाला. "भात आहे?"

गावात बायकांना माहेरच्या गावाच्या नावाने हाका मारत. विहिरीवर शेजारची गुर्येवाली ओकबुनला म्हणाली, "काय गं हादोंगवाली, नवरा घरी आला आणि तुझं तोंड असं, जणू कुणी कोंबडी नेलीय!"

"कोंबडी पण नेली," ओकबुन म्हणाली.

बायका हसल्या. "माझ्याकडे बघ," गुर्येवाली म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला ना खालचे नेतात ना वरचे. फुकट दिला तरी कुणाला नको!" मग बाकीच्या पाण्याकडे वळल्यावर ती जवळ सरकली. "माझ्या पोराला नेलंय ना, त्याचं झाकण कोरडं येतंय गं. तुझी सासू सांगत होती, तुमच्याकडे आता थेंब चुकत नाहीत. काय करता तुम्ही?"

ओकबुनने घडा डोक्यावर घेतला आणि वाट धरली.

मुलगा समोर बसून जेवत असतानाही सासू त्याचा वाडगा भरून गोधडीखाली ठेवतच होती.

"आई, ते आलेत ना आता?"

"राहू दे. सवय झालीय."

सासू झाकण उचलून बघायची, म्हणून ओकबुनही थेंब शिंपडत राहिली. आणि एकदा मानसोप कोवळ्या उन्हात बसलेला असताना तिचं त्याच्या कपाळाकडे लक्ष गेलं. तिथे थेंब होते. घामासारखे ते ओघळत नव्हते. बारीक, सुटे सुटे, बोटांनी उडवल्यासारखे होते. तो ते पुसत नव्हता. तिने पदराने टिपले. थंडगार होते. वळून बघितलं तर पुन्हा तसेच.

भातलावणी झाल्यावर पोलिसांनी गावातल्या तरण्या बायकांना रस्त्याकडेची झाडं तोडायला नेलं. त्या परत आल्या तेव्हा मधे दोन सकाळी गेल्या होत्या. मानसोप भिंतीशी पडला होता. ओठ भेगाळलेले, चेहऱ्याचा रंग मातीचा, छाती हलत नव्हती. त्याच्या अंगावर हात टाकून सासू शेजारी बसली होती.

"निजलाय," सासू म्हणाली.

ओकबुन ओरडली नाही, त्याच्याजवळही गेली नाही. तिने कोपऱ्यातली गोधडी बाजूला केली, झाकण काढलं. कोरडं होतं. तिने बोटं बुडवली.

मागून खोकल्याचा आवाज आला. "अगं," मानसोप म्हणाला, "कधी आलीस? काही शिजलंय का?"

ती भात वाढायला उठली.

त्यानंतर तिने एकही सकाळ चुकू दिली नाही. पोलीस आले तरी, डोंगरातले आले तरी, अंगात ताप असला तरी. गुर्येवालीच्या मुलाची बातमी आली आणि तिच्या रडण्याने सगळी आळी गोळा झाली, तेव्हा ओकबुन आधी घरात गेली, झाकण ओलं केलं आणि मग तिचं सांत्वन करायला गेली.

कोबीचं लोणचं घालायचे दिवस आले. मिठाच्या पाण्यातून कोबी काढता काढता ओकबुनला मळमळलं. सासूने तिच्याकडे नीट पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भात उतरला. सासूने पहिला भात मानसोपच्या वाडग्यात काढला. मग फडताळामागे हात घालून तिने एक चिमुकला वाडगा काढला, ओकबुनने आजवर कधी न पाहिलेला. त्यात चार शितं घातली, वर झाकण ठेवलं आणि दोन्ही वाडगे गोधडीखाली शेजारी शेजारी ठेवले.

"पोरी," ती म्हणाली, "याच्यावर जरा हलक्या हाताने शिंपड."

आणि भिंतीकडे तोंड करून बसली.