पुढं चार, मागं पाच

सुहानानं नववीत शाळा सोडली ती बाईंच्या अंगावर डबा भिरकावून. तवापासनं उचगावात नवरी कुणाचीबी असू दे, मेंदी सुहानाच्याच हातची. पण मधी दुर्बुद्धी सुचली, शिरोलीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर गेली आन् दुसऱ्याच महिन्यात उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं. चार महिनं झालं, मेंदीचा कोन हातात धरला न्हवता.

थोरली भन मुबशिरा कॉलेजात प्राणिशास्त्राला. उद्या तिला वर्गापुढं एक सॅलॅमँडर, म्हंजे पाण्यातला पालीगत प्राणी, आन् समुद्रातला फीतकिडा ह्यांची तुलना सांगायची हुती. दुपारी चार्ट पसरून ती मोठ्यानं पाठ करत बसली.

"ह्यो सॅलॅमँडर, नाव ॲक्सोलॉटल. पाय तुटला की तसाच्या तसा नवा, हाडासकट."

सुहानाचं टाळकं फिरलं. "माझ्यापुढं मुद्दाम वाचतीस न्हवं?"

"गप गं. फीतकिड्याचं न्यारंच. एका जातीचं तुकडं केलं, तर एकेका तुकड्यातनं अख्खा किडा हुतो. तुकड्याला तोंड न्हाय, खाणार काय? सोताचंच अंग जाळून नवं डोकं करतो. बारका हुतो, पण पुरा हुतो."

सुहाना चार्टकडं बघत बसली. अपघातापासनं तिला खोडच लागलीती, दिसल त्याची बोटं मोजायची. रिक्षावाल्याची, भाजीवालीची, सगळ्यांची.

"आपा, चित्र चुकलंय. पुढच्या पायाला पाच बोटं काढलीस. मोबाइलात फोटो बघ की. पुढच्या पायाला चारच बोटं हायत. पाच मागच्याला."

मुबशिरानं फोटो मोठा करून बघितला. "आयला, व्हय की! सरांनी पार माप काढलं असतं माझं. तूच काढ आता. माझा निस्ता कोंबडीचा पाय हुतोय."

सुहानानं हात नाचवला. "कशानं काढू? चार बोटांनी?"

"त्याला तरी कुठं पाच हायत?"

सुहाना तोंड उघडून भांडायला गेली आन् फिसकन हसली.

मेंदी बघायला तिनं फ्रिज उघडला. आत कोन हुता. ताजा भरलेला.

"ह्यो कुणी ठेवला?"

"दर जुम्म्याला भरतो मी. वाळला की टाकतो, दुसरा भरतो." मुबशिरा पुस्तकातनं मान वर न करता बोलली.

सुहाना चार्टाजवळ बसली. कोन मुठीत धरला, अंगठ्यानं दाबला. पहिली रेघ हालत-डुलत गेली, तिचा फीतकिडाच झाला. दुसरी सरळ आली. मग पाय. पुढं चार, मागं पाच.

"हात आण, आपा."

"उद्या वर्गापुढं उभं ऱ्हायचंय मला, येडे."

"म्हणूनच. आण म्हणतो न्हवं!"

मुबशिरानं पुस्तक मिटलं आन् दोन्ही हात पुढं केलं.