निळ्या रेघांचा शर्ट

आमच्या इमारतीने प्लास्टिकचा त्याग केला, तेव्हा फोटोग्राफर बोलावला होता. त्याग करायचा तर पुरावा नको? सेक्रेटरींचं भाषण झालं, टाळ्या पडल्या आणि घरटी एक कापडी पिशवी द्यायचं ठरलं. शिवणार कोण, असा प्रश्न येताच सगळ्या माना तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे वळल्या.

जुने कपडे द्या म्हटल्यावर लोकांनी पायपुसणी दिली. शेवटी काकूंनी कपाट उघडलं. काका गेल्यापासून ते बंदच होतं.

"अहो, काकांचे शर्ट कापणार?" सेक्रेटरीणबाई म्हणाल्या.

"रोज भाजीला जायचे ना. जाऊ देत अजून. घरात बसायची सवय नाही त्यांना."

प्रत्येक पिशवीवर काकूंनी शर्टाचा खिसा तसाच ठेवला. मग रोज सकाळी त्या खिडकीत बसायच्या. निळ्या रेघा निघाल्या, चौकडी परत आली, पांढऱ्याने आज मटार आणले. काही दिवस काका अख्ख्या इमारतीचा बाजार करत होते. जिवंतपणी एका घराचाही त्यांना धड जमला नव्हता.

पुढे मोहिमेला बक्षीस मिळालं. त्यानंतर मोहिमेला काही काम उरलं नाही. पिशव्या दिसेनाशा झाल्या. काकू खिडकीत बसतच राहिल्या.

एकदा पडद्याचं माप घ्यायला त्या सेक्रेटरींकडे गेल्या. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला निळ्या रेघा टांगलेल्या, पोट टम्म फुगलेलं. खिशावर काकांच्या गळक्या पेनाचा डाग.

"वापरता ना?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे काय! रोज!" सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "प्लास्टिकच्या सगळ्या पिशव्या एका जागी राहतात. दणकट शिवलीये हो अगदी."

काकू हसल्या. माप घेतलं. पुन्हा घेतलं. आकडा काही डोक्यात राहीना. निघताना म्हणाल्या, "ही मला द्याल? दुसरी शिवून देते. मोठी."

"मोठी असेल तर बरंच!"

घरी येऊन त्यांनी ती उसवायला घेतली. शिवण पक्की, एकेक टाका काढावा लागला. पाठ, पोट, खिसा टेबलावर जागच्या जागी मांडले. बाह्यांचे पिशवीला बंद झाले होते, तेही दोन्ही बाजूंना ठेवले. मग इस्त्री करून, घडी घालून सगळं कपाटात ठेवलं.

सकाळी त्या स्वतःच भाजीला गेल्या.

"पिशवी?" भाजीवाल्याने विचारलं.

"दमलेत. घरी ठेवलंय."

त्याला काही कळलं नाही. त्याने टोमॅटो प्लास्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली. काकूंनी ती घेतली.