बारशाची संध्याकाळ

“टोपी सरळ करा याही, फोटो काढी राह्यनात,” अभिमन आबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच नवलभाऊंच्या डोक्यावरची नवी टोपी नीट बसवली. खांद्यावर आहेराचा टॉवेल, कपाळावर कुंकू. धुळ्याच्या व्याह्यांनी मानपानात काही उणं ठेवलं नव्हतं.

नवलभाऊ धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. ज्योतीने मात्र ते सासरीच करून घेतलं. कारण कुणी विचारलं नाही. लहानपणी बाप दारात आला की ती पिशवी घ्यायच्या निमित्ताने जवळ यायची, एक श्वास ओढायची आणि वळून आईकडे पाहायची.

पावसाळ्यापासून नवलभाऊंनी दारूला हात लावला नव्हता. दर आठवड्याला ते जळगावला, दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगला जात. हे त्यांनी ज्योतीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती “बरं” एवढंच म्हणाली होती. आज बाळाला मांडीवर घ्यायला त्यांनी हात पुढे केले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “आता नको, बाबा. संध्याकाळी.”

संध्याकाळी म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं.

पाहुणे पांगले तसे आबा जवळ आले. “दिवा लागतस तवय वावरमा जावानं शे. भरीतनी पार्टी. तुमनाकरता खास बाटली मांगाडेल शे. मना बठ्ठा भाऊबंद येतीन.”

नवलभाऊंनी मान हलवली, आणि ती होकाराची दिसली. मुलीच्या बापाने व्याह्याचा पेला परतवायचा, हे त्यांच्या पिढीत बसत नव्हतं. पण बाटलीच्या नुसत्या नावाने तोंडाला पाणी सुटलं, तेव्हा ते घाबरले. पाय मोकळे करतो म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी जळगावच्या इसाकला फोन लावला. गॅरेजवाल्या इसाकने त्यांच्या कितीतरी आधी दारू सोडली होती.

“धुळ्यात बी आपली मीटिंग शे,” इसाक म्हणाला. “देवपुरात, एका शाळेच्या मागच्या खोलीत. आजच आहे. विचारत विचारत जा. लाजू नका, दारूचं दुकान विचारताना कधी लाजलात?”

नवलभाऊ लाजलेच. रसवंतीवाल्याला त्यांनी विचारलं, “इकडे मीटिंग कुठे असते?”

“कसली? पतपेढीची?”

“हो, तशीच.”

पतपेढीला कुलूप होतं. तिथून त्यांना शाळा दिसली, पण शाळेशेजारच्या हॉलपाशी टोपी, टॉवेल आणि कुंकू पाहून दोघांनी त्यांचा हात धरला. “या, या. मुलीकडले ना?”

नवलभाऊ मुलीकडलेच होते. “हो,” ते म्हणाले, आणि परक्या साखरपुड्याच्या पंगतीत जाऊन बसले. वाढप्याने पानात बट्टी कुस्करून वर वरण ओतलं. अर्धी बट्टी पोटात गेल्यावर त्यांना स्वतःचीच चीड आली. खरं बोलायची लाज वाटली म्हणून आपण फुकटचं जेवतो आहोत. ते उठले आणि दाराशी आले, तर समोर मोटारसायकलवर आबा.

“याही, आठे काय करी राह्यनात? मी बठ्ठं देवपूर धुंडी काढं. चाला, वांगा भाजाई ग्यात.”

मागे वाढपी, पुढे व्याही, बाजूला दोनचार पाहुणे. जिनिंगमधल्या नवशिक्यांना नवलभाऊ नेहमी बजावत, की यंत्र कुठे अडलं ते आधी तोंडाने सांग, मग पाना उचल. त्यांनी टोपी सरळ केली.

“आबा, मी दारू सोडी दिन्ही. आज पेला हातमा घिदा ते परत सुटाव नही. दारू सोडनारासनी मीटिंग आठेच कोठेतरी शे. माले तठे जावानं शे.”

वाढप्याने बादली खाली ठेवली. “मग हे आधी विचारायचं ना, भाऊ. शाळेच्या मागे, निळं दार. माझा मेहुणा जातो तिथे. बट्टी संपवून गेलात तरी चालेल.”

आबांनी गाडी बंद केली.

“माले कोनी सांगं नही.”

“मीच सांगं नही, आबा.”

“जा मंग. भाऊबंदसले सांगस, याहीनं पोट भरेल शे. खोटं नही ना ते?”

निळ्या दाराआड गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या. नवलभाऊंनी नाव सांगितलं आणि आपण साखरपुड्यातून उठून आलो तेही सांगितलं. खोली खळखळून हसली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

मीटिंग सुटली तेव्हा फाटकाशी आबा उभे होते, हातात स्टीलचा डबा. “भरीत शे. तुमना वाटानं.” डबा त्यांच्या हातात देत म्हणाले, “मी बी नही पिनू आज. तुमले लेवाले येवानं व्हतं.”

घरी ओट्यावर बायका बसल्या होत्या. ज्योती दारात आली.

“कुठे होतात, बाबा?”

“दारू सोडनारासनी मीटिंगले,” नवलभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि सवयीने जागच्या जागी थांबले, तिने श्वास ओढावा म्हणून.

ज्योतीने हात लांब करून डबा घेतला. तोवर ती आत वळलीही होती. “हात धुऊन बसा. ती जागी आहे.”

नवलभाऊ मांडी घालून बसले. आहेराचा टॉवेल त्यांनी मांडीवर पसरला. ज्योतीने नात त्यावर ठेवली आणि भरीत वाढायला आत निघून गेली. त्यांनी एका हाताने टोपी सरळ केली. या वेळी फोटो कुणी काढत नव्हतं.